काथ्याची भर

आमच्या सरांच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात होते आणि त्यांतले नऊ प्रयोगासाठी राखलेले होते. दाताच्या खड्ड्यात भरायचा कुठलाही नवा पदार्थ बाजारात आला, किंवा त्यांनी स्वतः काचेच्या तुकड्यावर घोटून तयार केला, की तो आधी त्यांच्या तोंडात जायचा. दोन वर्षं तिथे टिकला तर मग पेशंटच्या. नऊंपैकी काही दात खरोखरच किडले होते. दोन-तीन त्यांनी धडधाकट असताना पोखरून घेतले असावेत असा मला संशय आहे. विचारलं की म्हणायचे, "म्युझियमला जागा लागते."

लालबागला मेन रोडवरून आत वळल्यावर तळमजल्याच्या एका गाळ्यात त्यांचा दवाखाना होता. सकाळी ते डेंटल कॉलेजात शिकवत. दाताच्या साहित्याचा विषय, म्हणजे सिमेंट, चांदी, मेण, प्लास्टर. हा विषय मुलं पास होण्यापुरता वाचतात आणि आयुष्यभर विसरतात. सर तो असा शिकवायचे की आम्ही वर्गात डबा उघडायलाही घाबरायचो, कारण ते डबा हातात घेऊन त्यावरच तास काढत. एकदा एका मुलीच्या डब्यात थालीपीठ निघालं. सरांनी ते वाकवलं, कुठून तडकलं ते सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, "तडा कधी मधूनच सुरू होत नाही. कडेला कुठेतरी आधीपासून असतो. आपण बघितलेला नसतो." मग थालीपीठ खाल्लं. मुलीला स्वतःच्या डब्यातली पोळी दिली.

शिक्षण संपल्यावर मी चार वर्षं दुपारनंतर त्यांच्या दवाखान्यात काम केलं. का ठेवलं मला, तर सर कारण उघड सांगत, "माणसाला स्वतःच्या तोंडात स्वतः हात घालता येत नाही. एवढ्यासाठीच तुला ठेवलाय."

पेशंट खुर्चीत बसला की जगातला कुठलाही डेंटिस्ट विचारतो, काय दुखतंय. सर विचारायचे, "काय खाता?" शीव कोळीवाड्याहून एक मावशी यायच्या. त्यांना पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारला, तर त्या म्हणाल्या, "काय नाय खात ते ईचारा, डाक्टर."

"खेकडा?"

"नांगी दातानंच फोडतंय मी."

"अडकित्ता काय शोभेला ठेवलाय घरात?"

"दात देवानं शोभेला दिलेत व्हय?"

सर इतके खूश झाले की त्यांनी त्या मावशींची दाढ तासभर तपासली. पुढे कुठलाही पदार्थ हातात घेतला की ते आधी म्हणत, "मावशींच्या नांगीला टिकेल का हे?" परदेशातल्या कंपन्या आपापल्या मालाची ताकद आकड्यांत देत. सरांचं माप नांगीचं होतं. दादर हिंदू कॉलनीतल्या तोंडांना ते 'सभ्य तोंडं' म्हणत, कारण ती मंडळी दोन्ही बाजूंनी सारखं चावतात. गिरगावकरांच्या दाढा चकलीनं झिजलेल्या असतात असा त्यांचा सिद्धांत होता आणि ते स्वतः गिरगावचे असल्यामुळे तो कुणी खोडत नसे.

'फिलिंग' हा शब्द त्यांना चालत नसे. 'सिमेंट भरलं' म्हटलं तर ते विचारत, "पावसाळ्यात गळतं का?" त्यांचा शब्द होता 'भर'. "बाकीचे खड्डा बुजवतात. मी भर घालतो," असं ते म्हणत आणि पेशंटला विनोद कळेपर्यंत थांबत. कळला नाही तर पुन्हा म्हणत.

भर घातल्यावर दोन दिवसांनी पेशंटनं परत यायचं. टेबलाच्या खणात फुटाणे, गुळाची चिक्की आणि सुपारीचं खांड अशी तीन बरण्यांत तयारी असे. समोर बसून चावून दाखवायचं. "दाताची परीक्षा तोंडीच," हा त्यांचा दुसरा विनोद. एका बँकेतल्या साहेबांनी सुपारी चावायला नकार दिला, मी सुपारी खात नाही म्हणाले. सर म्हणाले, "मीही खात नाही. थुंका नंतर, पण चावा."

दाताच्या भरीवर निळा प्रकाश टाकला की ती काही सेकंदांत कठीण होते, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. सरांच्या जुन्या दिव्याला घंटी होती, पण तिच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांची पद्धत पाढ्याची. एकोणतीसचा पाढा एकदा सुलटा आणि एकदा उलटा, स्पष्ट उच्चारात, म्हणजे बरोबर चाळीस सेकंद. दिवा ज्याच्या हातात, त्यानं मोठ्यानं म्हणायचा. पेशंट आ करून पडलेला, तोंडात निळा उजेड आणि वर मी, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी." परळच्या शाळेतल्या एक निवृत्त बाई होत्या. मी उलटा पाढा म्हणताना एक पायरी गाळली, तर त्यांनी आ केलेल्या तोंडानंच "अंहं" केलं आणि बोट वर धरलं. सर म्हणाले, "बाई म्हणतायत ते बरोबर आहे. पुन्हा पहिल्यापासून." तोंडातला कापूस निघाल्यावर बाई मला म्हणाल्या, "उलटा पाढा घरी म्हणत जा रे. जेवायच्या आधी." एक थर, एक पाढा, हा त्या दवाखान्याचा कायदा होता.

सरांच्या मिसेसना आम्ही काकू म्हणत असू. त्या पानं मांडताना सरांना रोज विचारत, "आज कुठल्या बाजूनं जेवणार?" डावीकडे नवी भर असेल तर भाकरी कडक, उजवीकडे असेल तर मऊ, असा काहीतरी त्यांचा हिशेब होता. एकदा मला वाढताना म्हणाल्या, "मी एका माणसाला हो म्हटलं होतं. लग्न झाल्यावर बघते तर तोंडात नऊ पाहुणे."

"जागा भरपूर आहे," सर म्हणाले.

"तोंड मोठं आहे हे मला सांगायला नको," काकू म्हणाल्या.

दवाखान्याला लागून मूर्तींचा कारखाना होता. तिथले मूर्तिकार तात्या आणि सर यांची रोज चहाला भेट होई. मोठ्या मूर्तीसाठी प्लास्टर कालवताना तात्या त्यात काथ्या घालत, नारळाच्या सोडणाचे ते तांबूस धागे. एका मे महिन्यात कारखान्यातल्या एका मूर्तीच्या हाताला शिडी लागली आणि बोट मोडलं. मोडलं, पण पडलं नाही. काथ्याच्या धाग्यांवर लटकत राहिलं. तात्यांनी ते तसंच वर दाबलं आणि प्लास्टर लावून टाकलं. सर चहाचा कप हातात धरून ते बोट बघत उभे राहिले. कपातला चहा गार झाला तरी उभे. तात्या म्हणाले, "डॉक्टर, काय झालं? अपशकुन बिपशकुन नाय, कामात होतं असं."

"तात्या, हे पडलं का नाही?"

"काथ्या हाय ना आत."

"म्हणजे तडा गेला तरी काथ्यापाशी थांबला."

"तुमी म्हणता तर थांबला."

तिथून सरांचा पदार्थ सुरू झाला. भरीच्या चिकट लगद्यात काचेचे केसाहून बारीक धागे, दोन-दोन मिलिमीटरचे, कापून मिसळायचे. नेहमीच्या भरीत एकदा तडा गेला की तो सरळ खालपर्यंत धावतो आणि तुकडा निघतो. इथे धागा आडवा आला की तडा अडतो. मोठ्या दाढेची मोडकी भिंत, जी एरवी कॅप बसवल्याशिवाय वाचत नाही, ती नुसत्या भरीनं वाचावी, एवढी त्यांची इच्छा होती. नाव ठेवलं 'काथ्या'. दुसरं नाव ठेवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. दातवाल्यांच्या सभेत एकानं विचारलं, "काय डॉक्टर, सध्या काथ्याकूट चाललीय म्हणे?" सर अभिमानानं हो म्हणाले.

पदार्थ तपासायला त्यांनी एक यंत्र केलं होतं. शिवणयंत्राची मोटर, खाली भर घातलेला काढलेला दात आणि त्यावर आपटणारा दुसरा दात. एकदा गरम पाणी, एकदा बर्फाचं. याचं नाव 'रवंथ'. दवाखान्याच्या मागच्या खोलीत ते दिवसभर टक टक करत असे. बंद पडलं की तात्या भिंतीपलीकडून ओरडत, "डॉक्टर, म्हैस आज चारा खात नाय काय?" त्या म्हशीखाली बाजारातल्या भरी मोडल्या आणि काथ्या उभा राहिला. तीन वर्षं सर ते वजन, ते धाग्याचं प्रमाण, सगळं बदलत राहिले. काथ्यात एकच खोट होती. धाग्यांमुळे लगदा धुरकट व्हायचा आणि निळा प्रकाश फार खोल शिरत नसे. दीड मिलिमीटरचा थर पक्का व्हायचा, त्याहून जाड दिला तर खालचा भाग कच्चा राही. म्हणून नियम केला, दीड मिलिमीटरहून जाड थर द्यायचा नाही. "एवढं तर कुठलाही डॉक्टर पाळेल," सर म्हणाले.

इथपर्यंतचं मी लोकांना नेहमी सांगत आलोय. नांगी, सुपारी, उलटा पाढा, म्हैस. जेवणावळीत सांगितलं की मंडळी हसतात, आणि माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या माणसाला तेवढं भांडवल पुरतं. पुढचं मी एकोणीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

काथ्या सरांच्या तोंडात जायचा दिवस ठरला. दाढ खालची डावी, आमच्या भाषेत छत्तीस नंबर. "माझा आणि काथ्याचा छत्तीसचा आकडा जमवायचा आहे," सर म्हणाले. दाढ त्यांनी मला पोखरायला लावली. खड्डा सहा मिलिमीटर खोल. म्हणजे चार थर आणि चार पाढे. ही भर दोन वर्षं टिकली की काथ्या पेशंटला द्यायचा आणि त्यावर निबंध लिहायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्या दिवशी साडेपाचला दादरच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये माझी मुलाखत होती. सरांना मी ती सांगितली नव्हती. त्यांना सोडून जायचं ठरवून महिना झाला होता, पण तोंड उघडत नव्हतं. दुपारी त्यांनी मला घोटायची काच तीनदा धुवायला लावली. तिसऱ्यांदा धुताना मी घड्याळ बघितलं, पावणेपाच. सर खुर्चीत पडले, आ केला आणि डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी शांतता मी आधी पाहिली नव्हती.

मी पहिला थर जाड दिला. चुकून नाही. मापाची पट्टी हातात होती आणि मी ती लावली नाही. दिवा धरला, पाढा म्हटला, सुलटा आणि उलटा. दुसरा थर खड्ड्याच्या काठापर्यंत दाबून भरला. पुन्हा एक पाढा. वरून गुळगुळीत केलं, चावा बघितला. पाच वाजून पाच मिनिटांनी मी हातमोजे काढले. सरांनी आरशात दाढ बघितली आणि माझा खांदा थोपटला. "सुरेख," म्हणाले. मला ती नोकरी मिळाली.

आठ महिन्यांनी काकूंच्या हातच्या कडक भाकरीवर ती भर मोडली. तुकडा पूर्ण निघाला नव्हता, धाग्यांवर लटकत होता, अगदी मूर्तीच्या बोटासारखा. तेवढ्यानं सरांना बरं वाटलं असेल. मग त्यांनी तुकडा चिमट्यानं काढला आणि त्याची खालची बाजू नखानं खरवडली. नखाला मऊ लागलं.

मी तेव्हा पॉलिक्लिनिकमध्ये होतो. सर स्वतः दादरला आले. बाहेरच्या बाकावर पेशंटांबरोबर पाऊण तास बसले. आत आल्यावर रुमालात बांधलेला तुकडा टेबलावर ठेवला आणि एकच विचारलं.

"चार थर दिले होतेस ना?"

"हो सर."

"चार पाढे?"

"हो सर. चार."

त्यांनी मान हलवली. रुमालाची गाठ पुन्हा बांधली. "मग माझंच चुकलं," म्हणाले. मी पाणी विचारलं, त्यांनी घेतलं, आणि गेले.

याची एक बाजू मला फार उशिरा कळली, ती पुढे येईल. दुसरी तेव्हाच कळली होती. म्हशीखालचे सगळे नमुने त्यांनी स्वतःच्या हातानं केले होते आणि ते पक्के होते. पण त्यांचा विचार असा, की आपल्या हाताला आपला पदार्थ पास व्हावासा वाटतो, म्हणून तो हात साक्षीला चालत नाही. तिऱ्हाइताचा हात खरा. म्हणजे माझा. माझ्या हातानं चार थर देऊनही भर कच्ची राहिली, याचा अर्थ तोंडात काथ्यातून प्रकाश दीड मिलिमीटरही जात नाही. आणि तसं असेल तर तो कुणाच्याच तोंडात घालता येणार नाही.

दोन महिन्यांनी दादरला दातवाल्यांची मासिक सभा होती. चाळीसेक डॉक्टर, पुढे पंखा, मागे बटाटेवड्यांच्या ताटल्या. सर उभे राहिले आणि तुकडा काचेच्या बशीत ठेवून पहिल्या रांगेतून फिरवला. म्हणाले, "हा माझा काथ्या. तीन वर्षांचं काम. नापास झाला. तुम्ही कुणी याच वाटेनं जाणार असाल तर एवढं माहीत असू द्या." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "भर घालणाऱ्याचा दोष नाही. याच्याइतका उत्तम हात माझ्या पाहण्यात नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अर्धवट उठून नमस्कार केला.

त्या एका वाक्यावर माझी प्रॅक्टिस उभी राहिली. सरांची जीभ किती कडक ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी उत्तम म्हटलं म्हणून लोक अवघड दाढा माझ्याकडे पाठवू लागले. दोन वर्षांत मी दादरला स्वतःचा दवाखाना काढला. माझा हात खरंच चांगला आहे, हे मी लपवत नाही. माझ्या भरी टिकतात. त्या दिवसानंतर मी पट्टी लावल्याशिवाय एकही थर दिलेला नाही. त्यानं काही फिटत नाही, पण आहे ते असं आहे.

सरांनी म्हैस मोडीत काढली. मोटर काकूंच्या शिवणयंत्राला परत लावली. दवाखाना अजून काही वर्षं चालला, पण नवीन काही त्यांनी केलं नाही. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर लालबागचं बंद करून ते गिरगावात घरीच राहिले. मी गणपतीत जायचो, पेढे न्यायचो. दर वेळी सांगायचं ठरवून जायचो आणि आरती झाली की निघायचो.

मग काही वर्षांनी एका परदेशी कंपनीचा माणूस माझ्याकडे नवी भर घेऊन आला. छोटीशी सिरिंज. म्हणाला, "सर, यात ग्लासचे फायबर आहेत. मोठ्या दाढेसाठी. क्रॅक जागेवर थांबतो." नमुन्याची एक पट्टी त्यानं माझ्यासमोर मोडून दाखवली. ती मोडली आणि लटकत राहिली. त्यांनी धागे आणि लगदा यांचा मेळ असा जमवला होता की प्रकाश चार मिलिमीटर खाली जात होता. मी ती भर घेतली. उत्तम आहे. गेली कित्येक वर्षं मी मोठ्या दाढांना खाली तीच घालतो, आणि प्रत्येक वेळी ती सिरिंज उघडताना मला पावणेपाच वाजलेले दिसतात. तरीही मी गिरगावला जाऊन बोललो नाही. लाज जुनी झाली की तिची सवय होते.

मागच्या वर्षी सरांच्या मुलीचा फोन आला. बाबांची वरची दाढ तुटलीय, तुमच्याकडेच यायचं म्हणतायत. सर आले. अठ्ठ्याहत्तरावं चालू, काठी, पण पाठ ताठ. मुलगी बाहेर बसली. खुर्चीत बसल्यावर त्यांनी पहिली चौकशी केली, "पेशंटला काय खाता विचारतोस की नाही?"

"विचारतो सर."

"खोटं बोलतोस. काय घालणार आहेस मला?"

मी सिरिंज हातात दिली, दुसरं काही देता आलं असतं तरी. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि बारीक अक्षरातला कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पाच-सात मिनिटं लागली. असिस्टंटला मी बाहेर जायला सांगितलं.

"काचेचे धागे," सर म्हणाले.

"हो."

"थर किती जाड?"

"चारपर्यंत चालतो."

"खालपर्यंत पक्का होतो?"

"होतो सर. मी बघितलंय."

त्यांनी भिंग मिटलं. रागावले नव्हते, हेवाही नव्हता. एखादं गणित अडावं तसं त्यांचं कपाळ झालं. "मग माझा दीडलाही का नाही झाला?" ते मला विचारत नव्हते, स्वतःलाच विचारत होते. "धागे जवळजवळ हेच होते. धुरकट होता, कबूल. पण दीड? बाहेर व्हायचा की. तोंडात काय वेगळं झालं?"

मी म्हणालो, "सर, मी चार थर दिले नव्हते. दोन दिले."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची शिट्टी वाजत होती. सरांनी भिंग खिशात ठेवलं.

"का?"

"मला मुलाखतीला जायचं होतं. इथे, दादरला. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"खोटं बोललो."

सर छताकडे बघत होते. "मी मोजले होते," ते म्हणाले. "आ करून पडलेल्या माणसाला दुसरं काम काय? दोन पाढे झाले. मला वाटलं, हा पुढचे दोन मनात म्हणतोय का? मग भर मोडल्यावर तुला विचारायला आलो. तू चार म्हणालास. मी म्हटलं, म्हणजे आपले कान गेले. ज्या माणसाला दोन आणि चार कळत नाहीत, त्यानं लोकांच्या तोंडात घालायचे पदार्थ करू नयेत."

ही ती उशिरा कळलेली बाजू. मला वाटत होतं, मी त्यांचा पदार्थ बुडवला. त्यांनी माझ्या एका 'हो'पुढे स्वतःचे कान खोटे मानले होते, आणि मी एकोणीस वर्षं पेढे नेत होतो.

मी काहीतरी क्षमेचं बोलू लागलो. त्यांनी हात वर केला. "थांब. दोन थर म्हणजे एकेक तीन मिलिमीटरचा."

"हो."

"निघालेला तुकडा तीनचाच होता. माझ्याकडे आहे अजून. वरचा अर्धा पक्का आणि खालचा अर्धा मऊ." ते उठून बसले. "अर्धा म्हणजे दीड."

"हो सर."

"म्हणजे दीड झाला होता. म्हणजे पास." ते खुर्चीतून उतरले. गळ्यातला निळा कागदी रुमाल तसाच. काठी घेतली आणि दार उघडून मुलीला म्हणाले, "चल गं. काथ्या पास होता."

"बाबा, दाढ?"

"दाढ गिरगावात करून घेऊ." मग ते माझ्याकडे वळले. "सभेत मी एक वाक्य बोललो होतो तुझ्या हाताबद्दल. आणि एक काथ्याबद्दल. दोन्ही चुकीची ठरली. दुरुस्त मी करणार नाही. तू करायचीस."

मी केली. पुढच्याच मासिक सभेत नाव दिलं. आता चाळीसच्या जागी शंभर माणसं असतात, त्यांतली निम्मी पस्तिशीच्या आतली, ज्यांना सर कोण तेही माहीत नाही. माझ्या बायकोला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तू गणपतीत इतका लवकर निघायचास." बस, एवढंच.

मी आठ मिनिटं बोललो. पट्टी लावली नाही, दोन थर, मुलाखत, खोटं. काथ्या दीड मिलिमीटरला पक्का होत होता आणि आज आपण जे वापरतो ते या शहरात एका माणसानं आधी करून ठेवलं होतं, ते माझ्यामुळे थांबलं. इतकी वर्षं मनात घोटलेलं होतं, ते सरळ बाहेर आलं. संपल्यावर टाळ्या झाल्या नाहीत, ते बरं झालं. मागच्या रांगेत खुर्च्यांचा आवाज झाला. माझ्या ओळखीच्या दोघांनी मान खाली घातली.

सर पहिल्या रांगेत होते. त्यांनी हात वर केला, अध्यक्षांनी माईक दिला.

"डॉक्टर," सर म्हणाले, "आपण पहिला थर आणि दुसरा थर सारख्याच जाडीचे दिले होते का?"

"जवळजवळ, सर. दुसरा थोडा जास्त असेल."

"किती जास्त?"

"सांगता येणार नाही. मोजला नव्हता."

"धन्यवाद." त्यांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं.

सभा सुटल्यावर त्यांच्याभोवती आठ-दहा तरुण डॉक्टर जमले. रुमालाची गाठ सोडून सर त्यांना तो तुकडा दाखवत होते. धागा कुठे आडवा आला, तडा कुठे अडला, सगळं सांगत होते. त्यांचा आवाज लालबागच्या काळातला होता. एका मुलीनं तुकडा हातात मागितला, तर म्हणाले, "घे, घे, नखानं खरवड. तुला काय वाटतं सांग मला."

मी चहाच्या टेबलावरून एक कप उचलला. बिनसाखरेचा, त्यांना लागतो तसा. गर्दीतून वाट काढून त्यांच्यापुढे धरला. पहिल्या वर्गापासून त्या दिवसापर्यंत मी त्यांना 'तू' होतो, रागात 'गाढवा' होतो. सरांनी कप दोन्ही हातांनी घेतला आणि किंचित वाकून म्हणाले,

"आपण कशाला त्रास घेतलात, डॉक्टर."

आणि वळून त्या मुलीला विचारलं, "हं, काय लागलं गं नखाला?"